टीम विकली जाणार म्हणे!

पेठेतील कुजबूज, चाहत्यांची काळजी आणि सौद्याचा हिशेब

कापडाच्या पेठेत एखादे चालते दुकान विकले जाणार अशी कुणकुण लागली की मालकाच्या आधी गिऱ्हाईक बेचैन होते. नवा मालक उधारीचे खाते चालू ठेवील काय, जुना नोकर राहील की जाईल, तोच माल त्याच भावात मिळेल काय, असे शंभर प्रश्न उभे राहतात. मालक मात्र गल्ल्यावर बसून "तसे काही नाही" असेच सांगत असतो. क्रिकेटच्या टीमचेही हुबेहूब असेच असते. फरक इतकाच की तेथे गिऱ्हाईक लाखांनी मोजतात आणि सौदा कोटींनी.

नांदेडच्या वजिराबाद-इतवाऱ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, दुपारची गिऱ्हाइकी ओसरली की दुकानातील पोरे याच विषयावर येतात. "चाचा, टीम बिकनेवाली है" असे एकाने म्हणायचा अवकाश, की दुसरा खरेदीदाराचे नाव सांगतो, तिसरा किंमत सांगतो आणि चौथा कप्तान बदलूनही मोकळा होतो. आम्ही क्रिकेटचे जाणकार नाही. परंतु सौदा कशाने होतो आणि कशाने मोडतो, हे कापडाच्या धंद्यात बसून आम्हांस थोडेफार कळते. म्हणून या पोरांच्या गप्पांना हिशेबाची जोड द्यावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

नांदेडला हैदराबादचा लळा

सन 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. सरहद्द बदलली, पण व्यापाराची वाट बदलली नाही. पत्थरगट्टी आणि मदिना मार्केटमधून माल आणणारे कापडवाले आजही नांदेडमध्ये आहेत. त्यामुळे 2008 साली आय.पी.एल. सुरू झाली आणि हैदराबादची डेक्कन चार्जर्स मैदानात उतरली, तेव्हा नांदेडच्या बऱ्याच पोरांनी मुंबईऐवजी तिलाच आपली मानले. लातूरकडची ओढ मात्र पुण्या-मुंबईकडे जास्त.

ही टीम हैदराबादच्या वृत्तपत्र कंपनीने, म्हणजे डेक्कन क्रॉनिकलने, सुमारे 10 कोटी 70 लाख डॉलरला घेतली होती. पहिल्या वर्षी ती तळाला राहिली. दुसऱ्या वर्षी, 2009 साली, दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेत ॲडम गिलख्रिस्टच्या कप्तानीखाली तिने बंगलोरला 6 धावांनी हरवून चषक जिंकला. 2010 साली तेलंगण आंदोलनामुळे तिचे घरचे सामने हैदराबादबाहेर गेले. त्यांतील काही नागपुरात झाले, म्हणजे ती टीम आपल्याच राज्यात येऊन खेळून गेली.

पुढे मालक कंपनी कर्जात बुडाली. 2012 च्या पावसाळ्यात टीम विकली जाणार ही कुजबूज राहिली नाही, वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरातच आली. 13 सप्टेंबर 2012 रोजी बोली उघडली तेव्हा एकच बोली आलेली होती, पी.व्ही.पी. व्हेंचर्सची, 900 कोटींची. ती मालकांनी नाकारली. नाकारण्याचे कारण रकमेत नव्हते, रक्कम कशी आणि केव्हा मिळणार यात होते. देणेकऱ्याला तगादा लागलेला असला की हप्त्याचा सौदा त्याला परवडत नाही, हे कोणताही व्यापारी सांगेल. दुसऱ्याच दिवशी क्रिकेट बोर्डाने टीमचा करार रद्द केला.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. करार वाचवावयाचा असेल तर 100 कोटींची बँक हमी द्यावी, असे ठरले. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या कमला लँडमार्क या बांधकाम कंपनीशी सौदा झाल्याची बातमी आली, पण हमी वेळेत भरली गेली नाही आणि तो सौदाही बारगळला. 25 ऑक्टोबर 2012 रोजी बोर्डाने नव्या टीमसाठी आलेल्या बोली उघडल्या. सन टी.व्ही.ने दरसाल 85 कोटी 5 लाखांची बोली लावून ती जिंकली. पी.व्ही.पी.ची बोली 69 कोटी 3 लाखांची होती. डिसेंबरमध्ये सनरायझर्स हैदराबाद हे नाव जाहीर झाले.

पहिल्या बोलीपासून नव्या बोलीपर्यंत दीड महिन्यात एवढे सारे घडले. या दीड महिन्यात नांदेडच्या चाहत्याने किती मालक मनोमन बसवले आणि उठवले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. खेळाडू कोठे जाणार, नाव काय राहणार, टीम हैदराबादेत राहणार की भलत्याच शहरात जाणार, यातले काहीच त्याच्या हाती नव्हते. तरी काळजी सर्वांत जास्त त्यालाच होती.

टीम म्हणजे पगडीचे दुकान

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आय.पी.एल.ची टीम विकली जाते तेव्हा नेमके काय विकले जाते? मैदान टीमच्या मालकीचे नसते, ते बहुधा राज्याच्या क्रिकेट संघटनेचे असते. खेळाडू हे ठरावीक मुदतीच्या करारावरचे. स्पर्धा बोर्डाची. मालकाजवळ असतो तो फक्त एका शहराच्या नावाने त्या स्पर्धेत खेळण्याचा हक्क.

आपल्याकडील पगडीच्या दुकानासारखेच हे आहे. दुकान घरमालकाचे, कब्जा भाडेकरूचा. भाडेकरू आपला कब्जा दुसऱ्याला देऊ शकतो, पण घरमालकाच्या संमतीवाचून तो सौदा पुरा होत नाही. भाडे थकले किंवा करार मोडला, तर किल्ली परत घरमालकाकडे जाते. डेक्कन चार्जर्सच्या बाबतीत हेच झाले. भाडेकरू गिऱ्हाईक शोधत राहिला आणि घरमालकाने किल्ली काढून घेतली. मग त्याच जागेवर नवा भाडेकरू आला आणि नवी पाटी लागली.

किल्ली काढून घेणे रास्त होते की नाही, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. जुलै 2020 मध्ये लवादाने बोर्डाने जुन्या मालकांस 4,800 कोटींहून अधिक रक्कम द्यावी असा निवाडा दिला, आणि जून 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सौदा मोडला की हिशेब मिटतोच असे नाही, हा धडा यात आहे.

मग एवढ्या हक्कासाठी लोक शेकडो-हजारो कोटी का मोजतात? त्याचे उत्तर टी.व्ही.मध्ये आहे. सामने दाखवण्याचे हक्क बोर्ड विकते आणि त्यातील ठरलेला वाटा सर्व टीमना मिळतो. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटींना गेले. म्हणजे टीम हरली तरी गल्ल्यात काही पडणारच. 2008 साली सर्वांत महाग टीम, मुंबई, 11 कोटी 19 लाख डॉलरला गेली होती. 2021 साली लखनौची नवी टीम 7,090 कोटी रुपयांना आणि अहमदाबादची 5,625 कोटींना गेली. अहमदाबादच्या मालक सी.व्ही.सी.ने 2025 साली आपला 67 टक्के हिस्सा टोरेंट समूहाला विकलासुद्धा. भाव चढता असला की घेणारा दुकान चालवण्यासाठी घेतो की पुढे विकण्यासाठी, हे सांगता येत नाही. चाहत्याची खरी भीती तीच आहे.

पुण्याची दोनदा गेलेली टीम आणि लातूरचे पाणी

हैदराबादची पाटी बदलली, पण गाव तेच राहिले. पुण्याचे नशीब एवढेही नव्हते. 2010 साली सहारा समूहाने 37 कोटी डॉलरला पुण्याची टीम घेतली. तोवरची ती सर्वांत मोठी किंमत होती. पुणे वॉरियर्स 2011 ते 2013 असे तीन हंगाम खेळली. पैशांच्या देण्यावरून बोर्डाशी वाद झाला, सहाराने अंग काढून घेतले आणि टीम संपली.

त्यानंतर चेन्नई आणि राजस्थान या टीमवर दोन वर्षांची बंदी आली तेव्हा त्यांच्या जागी डिसेंबर 2015 मध्ये पुणे आणि राजकोट या टीम केवळ दोन वर्षांसाठी देण्यात आल्या. त्या लिलावाची रीत उलटी होती. बोर्डाकडून मिळणाऱ्या वाट्यातून जो सर्वांत कमी घेईल त्याला टीम मिळणार होती. पुण्याच्या खरेदीदाराने वाटा तर सोडलाच, वर दरसाल 16 कोटी आपणच देऊ केले.

या टीमच्या पहिल्या हंगामाशी लातूरचे नाते आहे, आणि ते विसरण्यासारखे नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात दुष्काळाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. पुण्याची टीम आपले उरलेले घरचे सामने खेळण्यासाठी विशाखापट्टणमला गेली. लातूरच्या क्रिकेटवेड्या पोरांनी त्या उन्हाळ्यात एका हाताने घागर रांगेत लावली आणि दुसऱ्या हातातील मोबाईलवर धावसंख्या पाहिली. आपली टीम आपल्याच कोरड्या नळामुळे परगावी गेली, याचा राग धरावा कोणावर? दुसऱ्या वर्षी तीच टीम अंतिम सामन्यापर्यंत गेली. 21 मे 2017 रोजी हैदराबादेत मुंबईकडून तिने 1 धावेने हार खाल्ली. दोन वर्षांची मुदत संपली, चेन्नई-राजस्थान परत आले आणि पुण्याची पाटी उतरली.

भाड्याची मुदत ठरलेली असताना गिऱ्हाइकाने जीव लावू नये, असे कोणी म्हणेल. परंतु गिऱ्हाईक करारनामा वाचून जीव लावत नसते.

अफवा कोणती, खबर कोणती

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. टीम विकली जाणार अशी बातमी कानावर आली तर तिची पारख कशी करावी? बंगलोरचे उदाहरण ताजे आहे. 3 जून 2025 रोजी त्या टीमने अठरा वर्षांत प्रथमच चषक जिंकला. दुसऱ्याच दिवशीच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन 11 माणसे दगावली. त्याच महिन्यात मालक कंपनी टीम विकणार अशा बातम्या आल्या. कंपनीने शेअर बाजाराला कळवले की या बातम्या तर्काच्या आहेत, तशी कोणतीही बोलणी चालू नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच कंपनीने शेअर बाजाराला कळवले की क्रिकेट टीमच्या गुंतवणुकीचा आम्ही फेरविचार करीत आहोत. जून ते नोव्हेंबर, पाच महिने.

याचा अर्थ कंपनी जूनमध्ये खोटे बोलली, असा आम्ही काढत नाही. पाच महिन्यांत मालकाचे मन बदलू शकते. अर्थ इतकाच की "विकायचे नाही" हे वाक्य आजच्या तारखेपुरते असते. म्हणून पेठेतील जुनी माणसे जी पारख लावतात तीच येथेही लावावी.

पहिली गोष्ट, मालकाला पैशाची निकड आहे काय? कर्ज थकले असेल, पगार लांबले असतील, तर खबरीत दम आहे. डेक्कनच्या बाबतीत खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी लिलावाआधीच बाहेर आल्या होत्या.

दुसरी गोष्ट, इसार दिला गेला काय? नाव घेणारे शंभर, रक्कम पुढे ठेवणारा एक. बोलीच्या दिवशी तोच एक मोजावा.

तिसरी गोष्ट, घरमालकाने मान डोलावली काय? बोर्डाच्या संमतीशिवाय कितीही हात मिळाले तरी सौदा कच्चाच.

चौथी गोष्ट, पाटी बदलली म्हणजे दुकान विकले असे समजू नये. पंजाबच्या टीमने 2021 साली नाव बदलले, बंगलोरने 2024 साली "बंगलोर"चे "बंगळुरू" केले, आणि मालक तेच राहिले. उलट 2018 साली दिल्लीच्या टीमचा अर्धा हिस्सा जी.एम.आर.कडून जे.एस.डब्ल्यू.ने 550 कोटींना घेतला आणि त्यानंतर नाव बदलले. नाव हे लक्षण आहे, पुरावा नव्हे.

परदेशचे दोन दाखले

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आपल्या क्रिकेटसारखाच लोकप्रिय आहे. तेथील लॉस एंजेलिसची डॉजर्स ही टीम जून 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. शहरभर हीच चर्चा, की आता कोण घेणार? 2012 साली, म्हणजे आपल्याकडे डेक्कन चार्जर्सचा लिलाव फसला त्याच वर्षी, ती टीम सुमारे 215 कोटी डॉलरला विकली गेली. जुन्या मालकाने ती 2004 साली सुमारे 43 कोटी डॉलरला घेतलेली होती. दोन्ही मालक कर्जात होते. मग एकीला विक्रमी भाव आणि दुसरीला एकच बोली, हे कसे? डॉजर्सचा सौदा न्यायालयाच्या देखरेखीखाली, वेळ घेऊन, अनेक खरेदीदार समोर बसवून झाला, आणि टी.व्ही.चा मोठा करार पुढे दिसत होता. डेक्कनच्या मालकांजवळ वेळच नव्हता. घाईत उघडलेल्या गाठोड्याला भाव येत नाही, हे येथे पुन्हा सिद्ध झाले.

याच डॉजर्सची आणखी एक जुनी गोष्ट आहे. ही टीम मुळात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली. 1957 च्या हंगामानंतर मालकाने ती उचलून हजारो मैल दूर लॉस एंजेलिसला नेली. विक्री न होताच गाव बदलले. ब्रुकलिनच्या जुन्या लोकांनी ते दुःख जन्मभर उगाळले.

दुसरा दाखला त्याच देशातील ग्रीन बे पॅकर्सचा. ही त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलची टीम, गाव नांदेडपेक्षाही लहान. 1923 पासून तिचे भाग सामान्य लोकांकडे आहेत, आणि भागधारकांची संख्या पाच लाखांवर आहे. त्या भागावर लाभांश मिळत नाही आणि नफ्याने तो विकताही येत नाही. मग लोक घेतात का? टीम गावातून जाऊ नये म्हणून. सहकारी साखर कारखान्यांच्या लातूर जिल्ह्यात भागधारक म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तेव्हा ही कल्पना आपल्या माणसाला परकी वाटू नये.

आपल्याकडे चेन्नईच्या टीमचे भाग मूळ सिमेंट कंपनीच्या भागधारकांस मिळाले, आणि शेअर बाजाराच्या यादीबाहेर दलालांमार्फत त्यांची खरेदी-विक्री झाली. चाहत्याने मालक होण्याचा हा एक मार्ग. परंतु यादीबाहेरच्या भागाला ठरलेला भाव नसतो, आणि विकताना गिऱ्हाईक आपणच शोधावे लागते. हौस आणि गुंतवणूक एकाच खात्यात मांडू नये.

आमच्या धंद्याला याचे काय?

आता आमच्या कापडवाल्या बांधवांसाठी दोन शब्द. आय.पी.एल.ची नक्कल गल्लोगल्ली पोहोचली आहे. राज्यात 2023 साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तीत सहा टीम होत्या. नांदेड-लातूरच्या वाट्याला त्यांतील एकही आली नाही. पण तालुक्या-तालुक्यांत टेनिस चेंडूच्या प्रीमियर लीग भरतात, तेथेही "टीम मालक" असतात, लिलाव होतात आणि टी-शर्ट छापले जातात. हा छापील माल म्हणजे आमच्या धंद्यातील सर्वांत नाजूक माल. साधा शर्ट आज नाही तर उद्या खपतो. छातीवर नाव आणि पाठीवर नंबर छापलेला शर्ट त्या एका टीमखेरीज कोणाच्याच कामाचा नाही.

लातूर भागातील आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराकडे अशाच एका स्पर्धेची मागणी आली होती. बारा टीम, प्रत्येकी पंधरा शर्ट, एकूण 180. माल तयार झाला, आणि स्पर्धेच्या तोंडावर चार टीमचे मालक बदलले. नव्या मालकांनी नवी नावे ठेवली. साठ शर्ट अंगावर पडले. जुना मालक म्हणे, टीम माझी राहिली नाही; नवा म्हणे, मागणी मी दिली नव्हती. दुकानदाराजवळ लेखी काही नव्हते. शेवटी ते शर्ट नावावर पट्टी शिवून शेतमजुरांना कवडीमोलाने गेले. कोटींच्या सौद्यात आणि साठ शर्टांच्या सौद्यात फरक फक्त शून्यांचा आहे. मालकी बदलते तेव्हा मधल्या माणसाचे देणे कोणाच्याच वहीत राहत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की छापील मालाला निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, मागणी देणाऱ्याची सही घ्यावी, आणि मालक बदलला तरी देणे कोणाचे राहील हे एका ओळीत लिहून घ्यावे. मोठ्या टीमच्या नावाचा माल ठेवावयाचा तर परवान्याचाच ठेवावा, कारण टीमचे चिन्ह हे तिच्या मालकाची मालमत्ता असते आणि नकली माल जप्त होऊ शकतो. विक्रीची कुजबूज सुरू असेल तर नावाचा माल कमी आणि रंगाचा माल जास्त भरावा. नारिंगी शर्ट सनरायझर्स राहो न राहो, कोणी ना कोणी घालतोच.

चाहत्यांसाठी सांगावयाचे तर, टीमच्या ताळेबंदात मैदान नसते, खेळाडू पूर्ण नसतात. तेथे ज्याला नावलौकिकाची किंमत म्हणतात, ती मुळात या पोरांच्या वेडाची किंमत आहे. ते वेड नसेल तर टी.व्ही.वाला हजारो कोटी कशाला मोजील? सौद्यात जी वस्तू खरोखर विकली जाते ती त्यांचीच, आणि सौद्याच्या बैठकीला त्यांनाच बोलावणे नसते. हे अन्यायाचे आहे असे आम्हांस वाटते. ग्रीन बेच्या लोकांनी त्यावर उपाय काढला, आपल्याकडे तो अजून निघालेला नाही. तो निघेपर्यंत दुपारच्या वेळी दुकानात मालक बसवण्याचा आणि उठवण्याचा हक्क या पोरांकडून कोणी काढून घेऊ नये. फक्त त्या गप्पांच्या भरवशावर कोणी माल भरू नये, एवढेच.